धुऱ्यावरची माय हलली तेव्हा

त्या हिवाळ्यात आई खळ्यात घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. घरचं, गोठ्याचं आणि त्यात आईची वेणीफणीही वहिनीवर आली, म्हणून मी भंडाऱ्याहून माहेरी राहायला गेले. सानगडीच्या बसस्टॉपवर दादा मोटारसायकल घेऊन उभा होता. तिथून आमचं गाव जवळच, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सरळ रस्ता. पण त्या दिवशी दादाने पाळीचा रस्ता सोडला आणि शेताशेतांतून, खड्ड्यांतून, लांबच्या वाटेने गाडी घातली.

"इकडून काहून?" मी विचारलं.

"तिकडं त्याईची कमान उभी होऊन राहिली," तो म्हणाला. मान न वळवता.

'त्याईची' म्हणजे आमच्याच गावच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या लोकांची. आमच्या भागात बौद्ध वारशाचा एक महोत्सव काही वर्षांपासून भरतो. कधी या गावी, कधी त्या गावी. त्या वर्षी तो आमच्याकडे होता. त्याचं कारण होतं विटा. आमच्या तलावाभोवतीच्या शेतांत नांगराला जुन्या विटा लागतात. आजच्या विटेपेक्षा रुंद, चपट्या आणि भलत्याच जड. लहानपणी आम्ही त्यांच्यावर कवठं फोडायचो. कोणीतरी त्या विटांचे फोटो काढले, कोणी बाहेरून येऊन पाहून गेलं, आणि इथे कधीकाळी विहार असावा असं बोललं जाऊ लागलं. मोहल्ल्यात ही आनंदाची बातमी होती. आमच्या आळीत येईपर्यंत तिचं रूप पालटलं. ज्याच्या शेतात वीट निघेल त्याचं शेत सरकारजमा होईल, असं लोक म्हणू लागले.

"कोन सांगतलं तुले?" मी दादाला विचारलं.

"सारेच सांगून राहिले. कोन कोन म्हणून सांगू?"

घरी पोचले तर वहिनी गोठ्याची भिंत शेणामातीने लिंपत बसली होती. दिवाळीला लिंपलेली भिंत पुन्हा लिंपायचं काय कारण, हे मला पटकन कळलं नाही. मग आठवलं. भिंतीच्या खालच्या थरात आजोबांनी शेतातल्या त्याच रुंद विटा बसवल्या होत्या.

"ह्याईनं सांगतलं," वहिनी म्हणाली. "एक बी वीट दिसाले नाही पायजे म्हणे."

मला हसू आलं. वहिनीला आलं नाही.

विटा तरी लिंपून टाकता येत होत्या. आमच्याकडे त्याहून मोठी गोष्ट होती, आणि ती उघड्यावर होती. धानाच्या शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. तलावाकडच्या शेताच्या धुऱ्यावर, मोहाच्या झाडाखाली, शेंदराने माखलेला गुडघाभर उंचीचा एक दगड होता. आम्ही त्याला कधी दगड म्हटलं नाही. ती धुऱ्यावरची माय. पिढ्यान्‌पिढ्या शेंदरावर शेंदूर चढून तिला नाक-डोळे काही उरले नव्हते. रोवणीच्या आधी आणि कापणीच्या आधी घरची सगळी माणसं तिच्यापुढे नारळ फोडायची. आई मात्र रोज सकाळी जायची. हात मोडल्यावरही गेली, डाव्या हाताने तांब्या सांभाळत.

मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी आईला पाहायला आली. ती नात्यातली मावशी नव्हे. मोहल्ल्यातली, आईच्याच वयाची. माझ्या आठवणीच्या आधीपासून दोघी एका रांगेत वाकून धान रोवत आल्या होत्या. आईला ताप आला की मावशी आमच्या चुलीवर भात टाकून जायची. त्या दिवशी तिने स्टीलच्या डब्यात जवसाची चटणी आणली होती. आईच्या प्लास्टरवरून हात फिरवून तिने विचारपूस केली, माझ्या पोरांचं विचारलं, चहा झाला, आणि मग उठता उठता ती म्हणाली, "बाई, माझा मोठा म्हणत होता, धुऱ्यावरच्या मायचा एक फोटो पायजे होता. शाळेत जुन्या वस्तूंचे फोटो लावून राहिले ना, त्यात. नुसता फोटो."

तिचा मोठा लेक वरठीच्या कारखान्यात कामाला. रोज मोटारसायकलने जाऊन येऊन करायचा आणि उरलेल्या वेळात महोत्सवाचं गावातलं सगळं काम पाहायचा. माझ्याच वयाचा. शाळेत एका बाकावर नाही, पण एका वर्गात होतो.

"काढ म्हणा की," आई म्हणाली. "फोटोनं झिजते का ते?"

दादा दारात उभा होता. मावशीला जायला तो बाजूला सरला. ती गेल्यावर म्हणाला, "माय, तू हो कायले म्हटलं? आज फोटो काढतील, उद्या पाटी लावतील, परवा तारेचं कुंपन. मंग तुले तांब्या घेऊन जाले बी कोनाले विचारा लागन."

"ते माझी मैतरीन हाय."

"मैतरीन आजची नाही ना? मंग आजच काहून विचारलं?"

आई चटणीचा डबा उचलून आत गेली. पण प्रश्न माझ्या डोक्यात शिरला. इतक्या वर्षांत मावशीने आमच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आणि आज चटणी आईसाठी आणली होती, की फोटोसाठी? जेवताना ती चटणी मी वाढून घेतली, चांगली होती, तरी प्रत्येक घासाला तेच मनात येत होतं.

पुढच्या दिवशी मी दादाचा डबा घेऊन शेतात गेले. दादा खळ्यावरून उरलेली तणस बैलगाडीने घरी वाहत होता. तणस म्हणजे धानाचा पेंढा, गुरांचा वर्षभराचा चारा. धानानंतरच्या लाखोरीच्या पिकाला निळी फुलं आली होती आणि त्या निळ्यात, मोहाखाली, मावशीचा लेक एका अनोळखी माणसाला घेऊन उभा होता. त्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा होता आणि हातात मोजायची टेप. दादाने बैल तिथेच सोडले आणि तरातरा गेला.

"टेप कायले?"

"फोटोखाली उंची लिहावी लागते," तो माणूस म्हणाला.

"कोनाची उंची? का शेताची लांबी?"

"शेताशी काही संबंध नाही हो दादा. दगडाची."

"तिले दगड नको म्हणू."

माणूस गडबडला. हात जोडून चुकलो म्हणाला आणि टेप गुंडाळली; फोटो आणि माप आधीच घेऊन झालं होतं. मावशीच्या लेकाने दादाच्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला. "असं काहून करून राहिला बे? तुझ्या मायनं हो म्हटलं म्हणून आलो," तो म्हणाला. दादाने खांदा झटकला. मी एक गोष्ट पाहिली. मावशीच्या लेकाच्या आणि त्या माणसाच्या चपला लांब, धुऱ्याच्या सुरुवातीलाच काढलेल्या होत्या. हे दादाला सांगावं असं मला वाटलं नाही. त्या वेळी मला तेही पढवून आणल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. त्याचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान आहे. मी सहज सांगितलं तर तो एकदम गंभीर झाला. "जुन्या मूर्ती आहेत का, असं विचारत लोक दुकानात येतात. कोण असतात, कुठून येतात, कळत नाही. दादाला म्हणावं लक्ष ठेव." मी ते दादाला जसंच्या तसं सांगितलं. सांगून झाल्यावर त्याचा चेहरा पाहिला आणि वाटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

त्यानंतर घरात कोणी सरळ बोलेना. कमानीखालून कोणती गाडी गेली, तिचा नंबर कुठला, याची चर्चा. शाळेत खोकी उतरली, त्यांत काय असेल याची चर्चा. मोहल्ल्यातली पोरं तलावावर पोहायला आली तरी आमच्या आळीतली माणसं पाळीवर जाऊन उभी राहायची. आणि ती तिथे उभी राहतात म्हणून मोहल्ल्यातलेही दोघे-चौघे येऊन उभे राहायचे. मध्ये तलाव आणि दोन्हीकडून नुसतं बघणं.

महोत्सव अगदी तोंडावर आला असताना एका सकाळी आई शेतातून परतली ती भरल्या तांब्यानेच. ओट्यावर बसली. तांब्या बाजूला ठेवला.

"माय नाही," ती म्हणाली.

आम्ही सगळे धावलो. मोहाखाली एक गोल खड्डा होता, ओल्या मातीचा. त्यात मुंग्या सैरावैरा फिरत होत्या. शेंदराचे दोन-चार तुकडे मातीत पडले होते. वहिनी तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. दादा म्हणाला, "मले माहीतच होतं." बस, एवढंच.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. आमच्या आळीतले लोक जमले आणि कोणीही ठरवलं नसताना सगळे मोहल्ल्याच्या दिशेने चालू लागले. मी आईला घेऊन मागे मागे गेले. माझ्याही मनात दुसरा कोणी नव्हता. टेप घेतलेला माणूस, चटणीचा डबा, नवऱ्याचा फोन, सगळं एका ओळीत बसत होतं.

आधी मावशीचं घर. "पाहू द्या, नसन तं तुमचंच चांगलं," असं म्हणत माणसं आत शिरली. मावशीने अडवलं नाही. ती अंगणात खांबासारखी ताठ उभी राहिली आणि आईकडे पाहत राहिली. आई खाली पाहत होती. कोणीतरी तांदळाच्या कोठीत काठी खुपसली, ती कलंडली आणि तांदूळ अंगणात आला. मग शाळा झाली. खोकी उघडली गेली, त्यांत विटा, फोटोंच्या चौकटी आणि कागदी कमळं निघाली. शेवटी विहार.

विहारात एक म्हातारे भंते होते. कार्यक्रमासाठी आदल्या दिवशीच बाहेरगावाहून आले होते. मावशीचा लेक दारात आडवा उभा राहिला. "इथं नाही," तो म्हणाला. "आमच्या घरात गेले, सहन केलं. इथं नाही." आवाज चढले. कोणाचा तरी हात कोणाच्या तरी कॉलरवर गेला. तेवढ्यात भंतेच बाहेर आले. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. पायरीवर बसून आपली झोळी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून ठेवली. भिक्षापात्र, वस्तरा, घडी केलेली दोन चीवरं, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी.

"आतही पाहून घ्या," ते म्हणाले. "पाहिलं नाही तर तुम्हाला झोप येणार नाही."

पुढचे लोक मागे सरकले. कोणी आत गेलं नाही. मी दादाला शोधलं. सगळ्यात पुढे असायला हवा होता तो. दादा लांब, विजेच्या खांबाला टेकून उभा होता आणि तलावाकडे पाहत होता.

तिथून माझ्या मनातला संशय हलला आणि आमच्याच घराकडे यायला लागला.

दुपारी वहिनी टोपली घेऊन तणशीच्या ढिगाकडे निघाली तर दादा ओरडला, "तू नको, मी काढतो!" दादाने गुरांना चारा घातल्याचं मी क्वचितच पाहिलं होतं. त्याने समोरच्या बाजूने तणस काढून दिली आणि ढिगाची मागची बाजू बांबू लावून बंद केली. "तिकडं साप दिसला," म्हणाला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. मग मागच्या दोरीवर वाळत घातलेला त्याचा दुपट्टा दिसला. त्याने तो स्वतः धुतला होता. कधी रुमालही न धुणारा माणूस. दुपट्ट्याच्या मधोमध केशरी डाग तसाच होता. तेलात कालवलेला शेंदूर साबणाने जात नाही.

तो बाजाराला सानगडीला गेला तशी मी ढिगामागे गेले. बांबू बाजूला केला. तिथली तणस सैल होती, नव्याने कोंबलेली. हात खांद्यापर्यंत आत घातला आणि बोटांना थंड, चिकट काहीतरी लागलं. मी हात तसाच ठेवला. बाहेर काढायचा धीर होईना. मागे वहिनी केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "काल सांजच्या गाडीत तणस कमी आन बैल दमलेले."

दादा आला. हातातली भाजीची थैली त्याने खाली ठेवली, तेवढ्यात मी विचारलं, "दादा, माय तणशीत काहून?"

तो नाही म्हणाला नाही. खाटेवर बसला.

"मी चोरली का? माझ्याच धुऱ्यावरची हाय ते. माझ्या घरात आनली."

"मंग भंतेनं झोळी उघडली तवा काहून नाही बोलला?"

"कसं बोलू? सारं गाव उभं होतं. मले वाटलं, हे लोक एक दिवस पाहतील, थकतील. कार्यक्रम झाला की मी पहाटे नेऊन ठेवून देईन. कोनी कोनाच्या घरात घुसन असं मले काय माहीत?" त्याने तलावाकडे बोट केलं. "तलावाकडचंच शेत आपलं. ते गेलं तं काय राहते सांग. वरचा पडीत तुकडा? त्यात काय दगड पेरू?"

त्याचा राग यायला हवा होता. आला, पण पूर्ण आला नाही. तो घाबरला होता, आणि त्या भीतीत माझ्या नवऱ्याच्या फोनचाही थोडा वाटा होता.

आई आतून सगळं ऐकत होती. दारात आली. पहिला प्रश्न तिने विचारला तो असा, "उलटी तं नाही ना ठेवली तिले?"

"नाही माय. सरळ बसवली."

"मंग आता चाल माझ्यासंगं."

मावशीच्या अंगणात तांदूळ तसाच पसरला होता. सकाळपासून कोणी हात लावला नव्हता. चिमण्या टिपत होत्या आणि मावशी ओट्यावर बसून त्यांना पाहत होती.

"असू दे म्हटलं," आम्हाला पाहून ती म्हणाली. "ज्यानं सांडला त्याले दिसाले पायजे."

आई उभ्यानेच बोलली. "माय आमच्या तणशीत हाय. माझ्या पोरानं ठेवली."

मावशीने चिमण्यांवरून नजर काढून आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुले माहीत होतं?"

"आत्ता कळलं."

"आत्ता कळलं, हे मी मानू?"

आईच्या तोंडून मला वाटलं होतं शपथ येईल. देवाची, पोरांची. पण ती म्हणाली, "नको मानू." आणि खाली बसली. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने तांदूळ गोळा करायला लागली. मीही बसले. मावशीने आत जाऊन सूप आणलं, आमच्यापुढे ठेवलं आणि परत ओट्यावर जाऊन बसली. मदतीला आली नाही. दादा पुढे व्हायला लागला तर म्हणाली, "तू फाटकाच्या बाहेरच राय."

मावशीचा लेक आला. त्या दिवशी तो कामावर गेलाच नव्हता. त्याला आईने सांगितलं. तो दादासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता हात उचलतो.

"तू खांबापाशी उभा होता," तो म्हणाला. "भंतेनं गोळ्या काढून दाखवल्या तवा तू तिथंच होता. मी तुझ्याकडं पाह्यलं होतं. मले वाटलं, हा तं म्हणन, बस करा."

दादा काहीतरी बोलायला गेला.

"मले काही नको सांगू. जे जे आमच्या घरात घुसले त्याईच्या दारात जाय. एकेकाच्या. आन सांग."

दादा गेला. मी त्याच्यासोबत गेले, कारण त्याचे पाय जड पडत होते. प्रत्येक दारात तो तेच वाक्य बोलला, मीच नेली होती, घरातच आहे. वाटलं होतं लोक चिडतील, शिव्या देतील. काहींनी दिल्या. पण बऱ्याच जणांनी त्याला आत ओढून हळूच विचारलं, "त्याईनं धमकावलं का तुले? घाबरू नको, खरं सांग." एका म्हाताऱ्याने तर ठामपणे सांगितलं की तेच आणून तणशीत ठेवून गेले असतील. दादा सांगून सांगून थकला. खरं बोलणाऱ्या माणसावरही लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायला ढिगातून काढलं. ओढताना शेंदराचं कवच तडकलं आणि समोरचा अर्धा भाग जाड पापुद्र्यासारखा गळून पडला. खाली काळसर दगड होता. मांडी घातलेली, मांडीवर ठेवलेला एक हात, तळवा वर. चेहरा साबणाच्या वडीसारखा झिजून गुळगुळीत. तोवर दोन्हीकडचे लोक जमले होते. शाळेचे गुरुजी म्हणाले, हे बुद्धच. आमच्या आळीतला एकजण म्हणाला, देवी आहे, आणि नीट बोला. पुन्हा कुजबुज सुरू झाली. कोणीतरी भंतेंना बोलावलं. ते वाकले, पुष्कळ वेळ पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"कोणीतरी शांत बसलेलं आहे," ते म्हणाले. "याहून जास्त मला सांगता येत नाही."

दोन्हीकडच्यांना वाटलं, त्यांना माहीत आहे पण ते लपवत आहेत.

आईने तांब्यातलं पाणी घातलं. मायला बैलगाडीतून नेऊन त्याच खड्ड्यात बसवलं. गाडी हाकताना दादाने एकदाही मान वर केली नाही.

महोत्सव झाला. मी गेले. वहिनी आली नाही. शाळेच्या मैदानावर मंडप होता, पंचरंगी झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, बाहेरगावाहून आलेल्या गाड्या. मंडपाच्या दारात एका स्वयंसेवकाने मला थांबवलं. "ताई, थैली दाखवा." माझ्या पुढच्या दोघींना त्याने तसंच सोडलं होतं. मी थैली उघडून दाखवली. पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर. त्याने आतपर्यंत हात घालून पाहिलं.  मला बोलण्याची जागा नव्हती.

वर्गात विटा मांडल्या होत्या. त्यांच्यामागे भिंतीवर धुऱ्यावरच्या मायचा फोटो, कवच तडकण्याआधीचा, लालभडक. खाली लिहिलं होतं, 'धुऱ्यावरची माय', आणि उंची. बाकी काही नाही. मी दोनदा वाचलं. मागे आणखी एखादी ओळ असेल, कोपऱ्यात बारीक अक्षरांत काही असेल, म्हणून चौकटीच्या कडेपर्यंत वाकून पाहिलं. नव्हतं.

मावशी बायांच्या रांगेत बसली होती. मला पाहून तिने मान हलवली. ये म्हणाली असेल किंवा जा. मी तिच्यापासून थोडी दूर बसले आणि प्रवचन संपेपर्यंत तिथेच राहिले. खीर वाढायला आलेल्या मुलीला मावशीने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आणि माझ्या द्रोणात खीर पडली.

त्या पावसाळ्यात मोहल्ल्यातली एकही बाई आमच्या रोवणीला आली नाही. दादाने लांबच्या गावाहून माणसं आणली. त्यापुढच्या वर्षी मावशी आली. पण घरच्या बायांच्या रांगेत नाही, पलीकडच्या बांदीत, म्हणजे शेजारच्या वाफ्यात, रोवत राहिली. आई आता वाकू शकत नाही. ती धुऱ्यावर बसून होती. दुपारी दोघींनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. आईने कांदा पुढे केला आणि मावशीने घेतला, असं वहिनीने मला फोनवर सांगितलं.

मायच्या उघड्या पडलेल्या अर्ध्या भागावर शेंदूर लावायचा का, असं वहिनीने विचारलं होतं. आई म्हणाली, राहू दे. पाठीवर जुना शेंदूर आहे आणि पुढे नुसता दगड. कोणी येऊन पाहतं, कोणी हात जोडतं, कोणी फूल ठेवतं. कोण कोणासाठी ठेवतं ते विचारायचं नाही, असा आईचा दंडक आहे. शेत मोजायला आजवर कोणी आलेलं नाही. मी दादाला हे म्हणून दाखवलं तर तो म्हणाला, "अजून आले नाही."

यंदा महोत्सव पुन्हा आमच्या गावी होता. त्याच्या आधी मावशीचा लेक दादाकडे आला. लोकांच्या मोटारसायकली ठेवायला आमचा वरचा पडीत तुकडा मागायला. दादाने विचार करून सांगतो म्हटलं आणि लगेच मला फोन लावला.

"त्याच्या मनात काय असन?"

"गाड्या ठेवाच्या असतील," मी म्हटलं.

"तेवढंच असन?"

"मले कसं माहीत दादा? दे."

त्याने दिला. मी त्या दिवशी गेले होते. दादा स्वतः काठी घेऊन तुकड्यावर उभा होता, गाड्या ओळीने लावून घेत होता, कोणाची धुऱ्याकडे वळली की हाक मारत होता. उन्हं चढल्यावर मावशीच्या लेकाने त्याच्यासाठी चहा आणला. दोघं शेजारी उभे राहिले. दादाने कप हातात घेतला, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कपात पाहिलं, आणि प्यायला.